फोकल एपिलेप्सी, मेंदूतल्या जोडण्यांची नोंद आणि ऑपरेशनचा निकाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत फोकल एपिलेप्सीच्या, म्हणजे मेंदूच्या एका ठरावीक भागातून फिट सुरू होणाऱ्या आजाराच्या, ऑपरेशनचा विषय निघाला की पुढच्या दोन-तीन भेटींत फाइलमध्ये नवे शब्द दिसायला लागतात: एसईईजी (डोक्याच्या आत बारीक इलेक्ट्रोड घालून घेतलेली मेंदूतल्या लाटांची नोंद), नेटवर्क, कनेक्टिव्हिटी, एंगल क्लास (ऑपरेशनच्या निकालाची प्रतवारी). घरचे लोक ते शब्द गूगलवर शोधतात आणि '७९ टक्के अचूक' असला एखादा आकडा घेऊन परत येतात. त्या आकड्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, हे नीट सांगावं म्हणून हे पान लिहिलं आहे. नोंदी बिघडण्याबद्दलचा आणि खुल्या डेटाबद्दलचा असे दोन प्रश्न तंत्रज्ञ आणि विद्यार्थ्यांसाठी आहेत. घरच्यांनी ते वगळले तरी काही अडणार नाही.

ऑपरेशनचा विचार कधी करायचा? सगळ्या गोळ्या करून झाल्यावर?

नाही. सगळ्यात जास्त वर्षं इथेच वाया जातात. योग्य निवडलेली, पुरेशा डोसची आणि सहन होणारी दोन औषधं नियमित घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर ती एपिलेप्सी औषधाला दाद न देणारी समजायची, अशी एपिलेप्सीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची (आयएलएई) २०१० ची व्याख्या आहे. त्यामागे ग्लासगोचा २००० सालचा एक अभ्यास आहे. आधी कधीच औषध न घेतलेल्या ४७० जणांपैकी ४७ टक्क्यांच्या फिट पहिल्याच औषधाने थांबल्या, दुसऱ्या औषधाने आणखी १३ टक्क्यांच्या, आणि त्यानंतरचे सगळे प्रयोग मिळून फक्त ४ टक्क्यांच्या. नंतर नवी औषधं पुष्कळ आली, पण चित्र फारसं बदललेलं नाही.

अंगावर पुरळ उठलं म्हणून आठवड्यातच बंद केलेली गोळी या हिशोबात धरत नाहीत. अर्ध्या डोसवर वर्षानुवर्षं चालवलेलीही नाही. म्हणून पहिल्या भेटीला जुने केसपेपर न्या आणि कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती महिने आणि का बंद केली, हे एका कागदावर लिहून न्या. दोन औषधं फसली म्हणजे लगेच ऑपरेशन असं नाही. ऑपरेशन होऊ शकतं का याची तपासणी मात्र तेव्हाच सुरू व्हायला हवी.

एमआरआय झाला, व्हिडिओ ईईजी झाला. मग डोक्याच्या आत इलेक्ट्रोड कशाला?

बऱ्याच जणांना ते लागतच नाहीत. एमआरआयमध्ये एका बाजूचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित भाग) आक्रसलेला आहे, व्हिडिओ ईईजीत फिट त्याच बाजूने सुरू होते आणि स्मरणशक्तीच्या चाचण्याही तेच सांगतात, तर आतल्या नोंदींशिवाय ऑपरेशन होतं. एसईईजी लागतो तो पुराव्यांचं आपसात जुळत नाही तेव्हा: एमआरआय स्वच्छ आहे, किंवा डाग एकीकडे आणि फिट दुसरीकडे, किंवा दोन-तीन डाग आहेत आणि गुन्हेगार कोणता ते कळत नाही, किंवा फिट सुरू होण्याची जागा बोलण्याच्या अथवा हाताच्या केंद्राला खेटून आहे.

त्याआधी एक खात्री करून घ्या. 'नॉर्मल' आलेला एमआरआय एपिलेप्सीच्या प्रोटोकॉलने काढला होता का? त्यात एक मिलिमीटरचे त्रिमितीय टी-वन आणि फ्लेअर (हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार), शिवाय हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेले बारीक टी-टू काप असावे लागतात. पाच मिलिमीटरच्या जाड कापांमध्ये लहानसं कॉर्टिकल डिसप्लेझिया, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची जन्मजात बिघडलेली घडण, सहज निसटतं. एसईईजीवर मोठा खर्च करण्यापेक्षा आधी एमआरआय पुन्हा नीट काढणं केव्हाही स्वस्त.

एसईईजी प्रत्यक्षात कसा करतात?

ही पद्धत पॅरिसमध्ये तालैराख आणि बांको या दोघांनी १९५० च्या दशकाच्या शेवटाकडे उभी केली. कवटी उघडावी लागत नाही. भूल देऊन कवटीला सुमारे अडीच मिलिमीटरची छिद्रं पाडतात, प्रत्येकात एक बारीक पोकळ स्क्रू बसवतात आणि त्यातून इलेक्ट्रोड आत सरकवतात. इलेक्ट्रोडची जाडी ०.८ मिलिमीटर, म्हणजे साधारण मेकॅनिकल पेन्सिलच्या बारीक शिशाएवढी. त्यावर २ मिलिमीटर लांबीचे कॉन्टॅक्ट, म्हणजे संकेत टिपणारे धातूचे तुकडे, असतात, दोन कॉन्टॅक्टमध्ये दीड मिलिमीटर अंतर. एका इलेक्ट्रोडवर ५ ते १८ कॉन्टॅक्ट, आणि असे इलेक्ट्रोड बहुतेक वेळा ८ ते १६. मार्ग आधीच संगणकावर आखलेला असतो, कारण वाटेत रक्तवाहिनी लागता कामा नये. इलेक्ट्रोड बसल्यावर सीटी काढून तो आधीच्या एमआरआयवर बसवतात. तेव्हाच कोणता कॉन्टॅक्ट करड्या भागात आहे, कोणता पांढऱ्या आणि कोणता नुसत्या द्रवात, हे नक्की होतं.

मग एक ते दोन आठवडे नोंद चालते आणि फिट टिपता यावी म्हणून गोळ्या हळूहळू कमी करतात. रक्तस्रावाचा धोका सुमारे १ टक्का, संसर्गाचा त्याहून थोडा कमी. आकडा लहान आहे, पण संमतीपत्रावर सही करण्याआधी तो डॉक्टरांच्या तोंडून ऐका.

इलेक्ट्रोड कुठे घालायचे हे आधीच्या अंदाजावर ठरतं. जिथे इलेक्ट्रोड नाही तिथलं एसईईजीला काहीही दिसत नाही, आणि पुढची कितीतरी गुंतागुंत या एका वाक्यातून निघते.

दाखल असताना घरच्यांनी काय करायचं?

डोक्यावरच्या व्हिडिओ ईईजीसाठी येताना आदल्या रात्री शाम्पूने केस धुऊन या आणि तेल अजिबात लावू नका. तेलाने इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यामधला विद्युत अडथळा वाढतो. तो ५ ते १० किलोओहमच्या खाली ठेवायचा असतो. त्याच्या वर गेला की तंत्रज्ञाचा अर्धा दिवस घासण्यात जातो.

फिट आली की आधी बटण दाबा आणि पांघरूण बाजूला करा. तुम्ही कॅमेरा आणि रुग्ण यांच्या मध्ये उभे राहू नका. घाबरून आई मुलाला कवटाळते आणि नेमक्या त्या वीस सेकंदांच्या व्हिडिओत फक्त आईची पाठ दिसते. हे इतक्या वेळा होतं की तंत्रज्ञ पहिल्या दिवशीच बजावून ठेवतात. मग रुग्णाला नाव विचारा, हात वर करायला सांगा, एखादा शब्द लक्षात ठेवायला सांगा आणि फिट ओसरल्यावर तो शब्द विचारा. हे सगळं मराठीत, घरी बोलता तसंच. बोलणं कोणत्या क्षणी अडखळलं आणि किती वेळाने परतलं, यावरून फिट कोणत्या बाजूची असावी ते पुष्कळदा कळतं. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका.

मोबाइलचा चार्जर पलंगाच्या दांडीला लटकवू नका. खाणं आणि दात घासणं चालतं, पण चघळण्याची ती लाट तंत्रज्ञाला ओळखता यावी म्हणून वेळ सांगून ठेवा.

कनेक्टिव्हिटी म्हणजे नेमकं काय मोजतात?

मेंदूतल्या दोन ठिकाणच्या लाटा एकमेकींशी किती जुळतात, ते. तारा कुठून कुठे गेल्या आहेत ते नव्हे. तो एमआरआयच्या ट्रॅक्टोग्राफीचा विषय. इथे दोन कॉन्टॅक्टचे संकेत शेजारी ठेवून त्यांची चढउतार एकदम होते का, ठरावीक वेगाच्या लाटांत ताल जमतो का, आणि एकाची आधीची हालचाल दुसऱ्याची नंतरची हालचाल सांगते का, हे गणिताने तपासतात. पहिल्याला सहसंबंध म्हणतात, दुसऱ्याला कोहेरन्स किंवा फेज-लॉकिंग. तिसऱ्यात दिशा येते. ग्रेंजर कार्यकारणभाव आणि त्याची भावंडं त्या गटातली.

ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणा. रस्त्याच्या दोन टोकांचे दोन ढोल अगदी एका ठोक्यावर वाजत आहेत. ते एकमेकांचं ऐकतात का? नाही, दोघंही मधल्या ताशाचं ऐकतात. ताशाजवळ मायक्रोफोनच लावलेला नसेल, तर नोंदीत फक्त दोन ढोलांची घट्ट जोडी दिसेल आणि पथक कोण चालवतंय ते कळणारच नाही. एसईईजीतही असंच होतं: जिथून झटका खरोखर सुटतो त्या जागी इलेक्ट्रोड नसला, तर पोचलेल्या दोन जागांची जोडी नकाशावर ठळक उमटते. ती जोडी खोटी नसते, पण उगम तिथे नसतो.

आकड्यांचा अंदाज घ्या. ८ इलेक्ट्रोड, प्रत्येकी १२ कॉन्टॅक्ट, म्हणजे ९६. शेजारच्या दोघांची वजाबाकी करून घेतलेले संकेत ८८. त्यांच्या आपसातल्या जोड्या ३,८२८. वीसात एक चूक चालेल असं धरलं, तरी निव्वळ योगायोगाने १९० च्या आसपास जोड्या 'लक्षणीय' निघतील. रंगीत नकाशातली प्रत्येक रेघ अर्थपूर्ण नसते ती यामुळे.

नोंद फिट येत असतानाची घेतात की नसतानाची?

दोन्ही, आणि दोन्हींचं सांगणं वेगळं. फिट सुरू होताना बऱ्याचदा काही कॉन्टॅक्टवर कमी उंचीची, पण फार वेगवान लाट उठते. फ्रान्समधल्या मार्सेयच्या गटाने २००८ साली मांडलेला एपिलेप्टोजेनिसिटी इंडेक्स त्यावरच उभा आहे: वेगवान लाटा किती आणि त्या कितव्या सेकंदाला आल्या, यावरून प्रत्येक जागेला ० ते १ असा गुण. अनुभवी डॉक्टर डोळ्यांनी तेच बघतात, इंडेक्स फक्त ते आकड्यात मांडतो.

फिट नसतानाच्या नोंदीचं आकर्षण उघड आहे. फिटची वाट बघायला नको, गोळ्या फार कमी करायला नकोत, आणि दहा मिनिटांची शांत नोंद पुरली तर रुग्णाचे आठ दिवस वाचतील. 'उगम आणि शोषक' नावाची कल्पना यातूनच निघाली. झटक्याची जागा एरवी शांत असते, कारण आजूबाजूचे भाग तिला दाबून धरतात. म्हणून नकाशात ती इतरांवर प्रभाव टाकणारी दिसत नाही, इतरांचा प्रभाव झेलणारी दिसते. फिटच्या वेळी हा दाब सैल पडतो. कल्पना देखणी आहे. तिचे आकडे पुढे.

बारीक करंट देऊन तपासतात तो प्रकार कोणता?

यात ऐकत बसण्याऐवजी प्रश्न विचारतात. शेजारच्या दोन कॉन्टॅक्टमधून एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळाचा एकेक ठोका देतात, करंट काही मिलिअँपिअर. दर सेकंदाला एक किंवा पाच सेकंदांनी एक, असे १० ते ३० ठोके. बाकीच्या सगळ्या कॉन्टॅक्टवर उमटणाऱ्या लाटांची सरासरी काढतात. १० ते ५० मिलिसेकंदांत टोकदार लाट आली, तर दोन जागांची जोडणी जवळची. एखाद्या जागी १०० मिलिसेकंद उलटून गेल्यावर वेड्यावाकड्या लाटा उसळल्या, तर ती जागा चिडखोर आहे असा संशय धरतात. ८८ जोड्यांना पाच-पाच सेकंदांच्या अंतराने दहा ठोके दिले तर सव्वा तासाच्या आत काम उरकतं.

बहुतेकांना या एकेका ठोक्याने काही जाणवत नाही. बोलण्याची आणि हाताची केंद्रं शोधण्यासाठी देतात ते करंट वेगळे, सेकंदाला ५० ठोक्यांचे. त्यात हात आखडू शकतो, शब्द तोंडातच अडकू शकतो, कधी फिटही येते. नेहमीची फिट अशी मुद्दाम आणता आली तर तीही माहितीच.

मग नकाशावरून ऑपरेशन यशस्वी होईल का हे आधी सांगता येतं का?

काही प्रमाणात. लोक समजतात तितकं मात्र नाही.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'न्यूरल फ्रॅजिलिटी'च्या (नेटवर्कमधली कोणती जागा सहज डळमळते ते मोजणाऱ्या पद्धतीच्या) अभ्यासात पाच केंद्रांतले ९१ रुग्ण होते. ऑपरेशन फसलेल्या ४७ जणांपैकी ४३ जण त्या पद्धतीने बरोबर ओळखले. एकूण अचूकता ७६ टक्के, डॉक्टरांची ४८ टक्के. २०२२ च्या उगम-शोषक अभ्यासात ६५ रुग्ण, अचूकता ७९ टक्के, डॉक्टरांची ४३.

आता 'डॉक्टरांची ४८ टक्के' हा आकडा जवळून बघा. ९१ मधून ४७ वजा केले की ४४ राहतात, आणि ९१ पैकी ४४ म्हणजे ४८ टक्के. डॉक्टरांना कोणी वेगळा अंदाज विचारलेला नाही. ऑपरेशन केलं म्हणजे यशाचा अंदाज होता असं धरून यशाचं प्रमाणच त्यांची अचूकता म्हणून मांडलं आहे. म्हणजे यंत्राने डॉक्टरांना हरवलं असं यातून सिद्ध होत नाही. दुसरा हिशोब: ९१ चे ७६ टक्के म्हणजे सुमारे ६९. त्यातले ४३ फसलेले, तर यशस्वी ४४ पैकी बरोबर ओळखलेले उरतात सुमारे २६. उरलेल्या १८ जणांना नकाशाने 'फसेल' म्हटलं असतं, आणि त्यांच्या फिट तर थांबल्या. त्या १८ जणांच्या घरात या चुकीची किंमत काय झाली असती?

याहून खोल एक अडचण आहे, आणि ती गणिताने सुटत नाही. ऑपरेशन यशस्वी झालं, तर झटक्याचं मूळ काढलेल्या भागात होतं एवढंच कळतं. कदाचित त्याचा तिसरा हिस्सा काढूनही भागलं असतं. ऑपरेशन फसलं, तर काहीतरी राहिलं एवढंच कळतं, कुठे राहिलं ते नाही. यश आणि अपयश दोन्ही अर्धी उत्तरं देतात, आणि प्रत्येक नकाशाची परीक्षा याच अर्ध्या उत्तरपत्रिकेवर घ्यावी लागते. आमचं स्पष्ट मत असं: आज कनेक्टिव्हिटीचा नकाशा हा एक चांगला प्रश्न विचारणारा सहकारी आहे. टीमने ठरवलेल्या जागेवर तो बोट ठेवत असेल तर बळ मिळतं. भलतीकडे बोट दाखवत असेल, तर थांबून नोंद पुन्हा बघायची. एकट्या त्याच्या सांगण्यावरून मेंदूचा भाग काढायचा नाही, आणि ऑपरेशन नाकारायचंही नाही.

दिसायला पक्की वाटणारी खूणही प्रत्यक्ष चाचणीत डगमगते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला ऑपरेशनच्या टेबलावर अतिवेगवान लाटा बघून किती भाग काढायचा हे ठरवणं आणि नेहमीच्या टोकदार लाटा बघून ठरवणं यांची तुलना झाली, ७८ रुग्णांत, निकाल २०२२ साली. नवी पद्धत जुनीपेक्षा कमी पडत नाही, हे सिद्ध होऊ शकलं नाही.

'यशस्वी' म्हणजे फिट कायमच्या बंद?

कोणता मापदंड वापरला ते विचारा. एंगलच्या वर्गीकरणात चार वर्ग: पहिल्यात त्रासदायक फिट बंद, दुसऱ्यात क्वचित, तिसऱ्यात लक्षणीय सुधारणा, चौथ्यात फरक नाही. पोटातून काहीतरी वर येतंय अशी नुसती चाहूल येणारा, पण शुद्ध न हरपणारा माणूस एंगलच्या पहिल्या वर्गात बसतो. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सहा वर्गांत मात्र तोच दुसऱ्या वर्गात जातो. त्यामुळे एकाच गटाचा निकाल दोन ठिकाणी दोन आकड्यांत छापला जाऊ शकतो.

भरवशाचे आकडे असे. कॅनडातल्या २००१ च्या यादृच्छिक (कोण कोणत्या गटात हे चिठ्ठीसारखं ठरवलेल्या) चाचणीत टेम्पोरल लोबचे, म्हणजे मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागाचे, ८० रुग्ण होते. वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त: ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेल्या चाचणीत, निकाल २०१७, ७७ विरुद्ध ७ टक्के. आणि हे दोन्ही आकडे एका वर्षाचे आहेत. लंडनच्या ६१५ प्रौढांचा पाठपुरावा २०११ साली प्रसिद्ध झाला: पाच वर्षं सलग मुक्त राहिलेले ५२ टक्के, दहा वर्षं ४७ टक्के. पहिल्या वर्षानंतर काहींना फिट परत येते, हे आधीच माहीत असलेलं बरं. एमआरआयमध्ये काही सापडलं नसेल, तर शक्यता यापेक्षा कमी धरा.

ऑपरेशनच्या किमतीबद्दलही विचारा. टेम्पोरल लोबच्या ऑपरेशननंतर नजरेच्या वरच्या कोपऱ्यातला एक भाग जाऊ शकतो. भाषेच्या बाजूचा लोब असेल तर नावं आणि शब्द आठवणं मंदावू शकतं. म्हणून स्मरण आणि भाषेच्या चाचण्या रुग्णाच्या मातृभाषेत व्हायला हव्यात. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला इंग्रजी शब्दांची यादी पाठ करायला लावून आलेला कमी गुण मेंदूचा नसतो, भाषेचा असतो.

नोंद कशाने बिघडते? (तंत्रज्ञ आणि विद्यार्थ्यांसाठी)

सगळ्यात बाळबोध चूक विजेची. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, अमेरिकेतला ६०. तिकडचा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवला की फिल्टर ६० वर बसतो आणि आपली ५० ची गुणगुण सगळ्या कॉन्टॅक्टवर एकसारखी राहते. मग सगळ्यांची सगळ्यांशी घट्ट 'जोडणी'. फक्त ५० काढूनही भागत नाही. १००, १५०, २०० वरही तिची पिल्लं असतात आणि ती नेमकी अतिवेगवान लाटांच्या पट्ट्यात पडतात. ते पट्टे ८० ते २५० आणि २५० ते ५०० हर्ट्झचे. म्हणजे नोंद सेकंदाला १,००० पेक्षा बऱ्याच जास्त नमुन्यांची हवी. २,०४८ असेल तर उत्तम.

दुसरी चूक संदर्भ कॉन्टॅक्टची. सगळे संकेत एकाच संदर्भातून वजा केले आणि तो संदर्भच हलला, तर सगळे एकत्र हलतात. शेजाऱ्याची वजाबाकी बरीच सुरक्षित, पण तिथेही दोन जोड्यांमध्ये एक कॉन्टॅक्ट सामाईक असतो, म्हणून शेजारच्या जोड्यांची जवळीक मोजणीतून वगळा. शून्य विलंबाची जुळणी बहुधा ऊतींतून पसरलेला एकच संकेत असतो. ती बाजूला काढणारी मापं वापरली तर खरी शून्य-विलंबाची जोडणीही हातची जाते, हे लक्षात ठेवून निवड करा.

मग अंतर. जवळचे कॉन्टॅक्ट जास्त जुळतातच. अंतराचा परिणाम काढून न टाकता 'या भागात कनेक्टिव्हिटी जास्त' म्हणणं म्हणजे तिथे इलेक्ट्रोड दाट होते एवढंच सांगणं. शिवाय झोप, भुलेचा अंमल, क्लोबाझामचा आदल्या रात्रीचा डोस, दोन तासांपूर्वी येऊन गेलेली फिट, या प्रत्येकाने नकाशा बदलतो. खंड कोणत्या अवस्थेतला ते लिहून ठेवलं नसेल, तर दोन रुग्णांची तुलना करू नका.

नोंदीची प्रत आम्हाला मिळते का?

कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असा २००२ पासूनचा वैद्यकीय नियम आहे. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. पूर्ण नोंद मागण्यात मात्र अर्थ नाही. १२० कॉन्टॅक्ट, सेकंदाला २,०४८ नमुने, प्रत्येकी २ बाइट: दिवसाला साडेबेचाळीस जीबी होतात, व्हिडिओ वेगळाच. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल चढतच नाही, म्हणजे अडीच तासांची नोंदही नाही. फिटचे तुकडे, झोपेतला एक आणि जागेपणीचा एक शांत तुकडा, एमआरआय आणि सीटीच्या मूळ फाइली, आणि कॉन्टॅक्टची नावं-जागा सांगणारा तक्ता एवढं घ्या. तक्ता नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांसाठी बाकी सगळं निरुपयोगी आहे, आणि नेमका तोच राहून जातो.

खर्चाचं काय?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कोणतं पॅकेज बसतं हे दाखल होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. एसईईजी, उपकरणं आणि मुख्य ऑपरेशन यांची वेगवेगळी चौकशी करा. एकाला मंजुरी म्हणजे तिन्हींना नव्हे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत ठेवा. तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, दिल्लीचं एम्स, बंगळुरूचं निम्हान्स आणि मुंबईचं केईएम इथे एपिलेप्सीच्या ऑपरेशनांचा जुना अनुभव आहे. पुण्यातल्या डॉक्टरांनी तिकडे मत घ्यायला सांगितलं, तर त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

आम्ही विद्यार्थी आहोत. खुल्या डेटावर काम करता येईल का?

हो. ओपनन्यूरोवर एसईईजीचे निनावी संच बिड्स मांडणीत ठेवलेले आहेत आणि काहींत ऑपरेशनचा निकालही दिलेला आहे. आयसरच्या परम ब्रह्म या महासंगणकाची गरज नाही. १६ जीबीच्या लॅपटॉपवर पायथनमध्ये सगळं होतं. एकच सापळा सांगतो, कारण यात अर्ध्याहून जास्त प्रकल्प पडतात: एका रुग्णाचे शंभर तुकडे करून ते शिकवण्यात आणि परीक्षेत दोन्हीकडे वाटले, की मॉडेल रुग्णाला ओळखायला शिकतं, आजाराला नव्हे. ९८ टक्के अचूकता दिसली तर आधी हाच संशय घ्या. वाटणी रुग्णांची करा, आणि जमल्यास केंद्रांची.

ऑपरेशननंतर गोळ्या आणि गाडी?

गोळ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी बंद होत नाहीत. फिट पूर्ण थांबल्या तरी बहुतेक टीम वर्ष-दोन वर्षं तोच डोस चालवतात आणि मग एकेक कमी करतात. पहिल्या आठवड्यात आलेली फिट म्हणजे ऑपरेशन वाया गेलं असं नाही, पण कळवा जरूर. गणपतीत रात्रभर जागून मिरवणूक बघणं निदान पहिली दोन वर्षं टाळा.

पुण्यात दुचाकीशिवाय कॉलेज आणि नोकरी अवघड आहे, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. शिकाऊ लायसन्सच्या अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये अपस्माराबद्दल थेट विचारलेलं आहे आणि त्याखाली अर्जदाराची सही असते. तिथे खोटं लिहून काढलेलं लायसन्स अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आडवं येऊ शकतं. एंगलचा पहिला वर्ग मिळाला म्हणून आपोआप गाडी चालवता येते असं नाही. न्यूरॉलॉजिस्टचं लेखी मत हातात येईपर्यंत मागच्या सीटवर बसा. आणि बसताना हेल्मेट घाला, डोक्याची जखम भरलेली असली तरी.